‘फ्री अप स्पेस’ दाबण्याआधी

एका ताईंचा प्रश्न, थोडक्यात: फोन १२८ जीबीचा, काठोकाठ भरलेला. गॅलरीत सव्वीस हजारांवर फोटो. गूगलचे फुकटचे १५ जीबीही संपले, त्यामुळे मेल यायचेच बंद झाले. मुलगा पुण्याहून सांगतो, शंभर जीबी विकत घे. मिस्टर म्हणतात, दर महिन्याला पैसे कशाला मोजायचे, हार्ड डिस्क आणू. आणि गूगल फोटोज रोज विचारतं, ‘फ्री अप स्पेस?’ सासरे गेल्या वर्षी वारले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतलं सगळं याच फोनमध्ये आहे, म्हणून त्या बटणावर बोट ठेवायचा धीर होत नाही. दाबू का?

ताई, आज दाबू नका. पंधरा दिवसांनी बिनधास्त दाबाल. मधल्या दिवसांत काय करायचं ते सांगतो.

मी सांगलीत मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. ‘फोटो गेले हो, काहीतरी करा’ म्हणत येणारं गिऱ्हाईक मी रोज बघतो. पूर्वी मेमरी कार्डावरून डिलीट झालेले फोटो आम्ही बऱ्यापैकी काढून द्यायचो. आताच्या फोनमध्ये आतली साठवण एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलूप घातलेली असते, आणि डिलीट केलेल्या फाइलची जागा फोन स्वतःच मागाहून पुसून घेतो. त्यामुळे ट्रॅशमधूनही गेलेला फोटो फोनमधून परत आणणं हे आता जवळपास अशक्यच. ‘रिकव्हरी’च्या नावाखाली जी ॲप मिळतात ती बहुतेक वेळा जुन्या फोटोंची टिकलीएवढी थंबनेल दाखवतात आणि पैसे मागतात. तेव्हा जे करायचं ते फोटो हातात असतानाच.

आधी ते बटण काय करतं ते पाहू. ज्या फोटोची प्रत गूगलच्या खात्यात चढलेली आहे, फक्त त्याचीच फोनमधली प्रत ते काढून टाकतं. न चढलेल्याला हात लावत नाही. म्हणजे बटण प्रामाणिक आहे. घोळ होतो तो दुसरीकडे. लोक जागा करायला म्हणून फोटोज ॲपमध्येच फोटो निवडतात आणि डिलीट करतात. तिथे डिलीट केलं की फोनमधूनही जातं आणि गूगलवरूनही जातं. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतं, मग कायमचं. बॅकअप न झालेलं असेल तर ३० दिवसच. मुलाकडे आयफोन असेल तर त्याचं आणखी निराळं: तिथे आयक्लाउड फोटोज चालू असलं की फोन आणि क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची कंपनीची साठवण, हे एकमेकांचे आरसे असतात. फोनवर पुसलं की आयपॅडवर, मॅकवर, सगळीकडे पुसलं. परत आणायला ३० दिवस. ‘ढगात आहेत की!’ म्हणून फोनमधले पुसणारे निम्मे लोक इथेच फसतात. आरशात दिसतंय म्हणजे माणसं दोन झाली असं नव्हे.

आता तुमच्या सासऱ्यांचे फोटो. मला एक सांगा, ते काढले कुणी? माझा अंदाज, निम्म्याहून जास्त तुम्ही काढलेलेच नाहीत. पुतण्याने काढले, नणंदेने काढले, दवाखान्यात भेटायला आलेल्या कुणीतरी काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. म्हणजे ते आले व्हॉट्सॲपवरून. आणि गूगल फोटोज अँड्रॉइडवर आपणहून फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर वर चढवतं. व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप तुम्ही मुद्दाम चालू केल्याशिवाय होत नाही. ॲपमध्ये सगळं एकत्र दिसतं, म्हणून वाटतं की सगळंच सुरक्षित आहे. माझ्या दुकानात रडत बसलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांचे कॅमेऱ्यातले फोटो व्यवस्थित होते. गेलेले होते ते व्हॉट्सॲपवर आलेले.

तपासून बघा. फोटोज उघडा, सासऱ्यांचा एक व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उघडा, आणि वरच्या बाजूला बोटाने सरकवा. खाली माहिती येते: तारीख, फाइलचं नाव, आकार, आणि बॅकअप झालाय की नाही. नाव ‘आयएमजी’, मग आकड्यांत तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि एक क्रमांक, असं असेल तर तो व्हॉट्सॲपचा. त्या नावातली तारीख फोटो तुमच्याकडे आला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नाही, कारण व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याच्या पोटातली माहिती, म्हणजे तारीख, वेळ, ठिकाण, काढून टाकतं. फोटोही बारीक करतं. पुतण्याच्या फोनमध्ये चार हजार पिक्सेल रुंद असलेला फोटो तुमच्याकडे साधारण सोळाशे पिक्सेलचा होऊन येतो. फोनवर फरक कळत नाही. तसबीर करायला स्टुडिओत दिलात की कळतो. चेहरा मेणाचा दिसायला लागतो.

म्हणून या आठवड्याचं पहिलं काम फोनमध्ये नाहीच. पुतण्याला, नणंदेला फोन करा आणि म्हणा, बाबांचे मूळ फोटो पाठवा. व्हॉट्सॲपवरच पाठवायचे असतील तर गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मग फाइल जशीच्या तशी येते. फोटो पुष्कळ असतील तर गूगल फोटोजमध्ये शेअर केलेला अल्बम करायला सांगा आणि त्यातला प्रत्येक फोटो स्वतःच्या खात्यात सेव्ह करून घ्या. नुसता अल्बम दिसतोय यावर विसंबू नका. त्यांनी काढून टाकला की तुमच्याकडूनही जाईल. हे काम लवकर करा, कारण त्यांचेही फोन भरतच असणार, आणि त्यांच्याही बोटाखाली तेच बटण आहे.

मग गूगल फोटोजच्या बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘डिव्हाइस फोल्डर्स’मध्ये ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ आणि ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’ चालू करायचे. पण आत्ता लगेच नाही. तुमच्या खात्यात जागाच नाही, आणि त्या फोल्डरमध्ये सासऱ्यांच्या जोडीला चार हजार सुप्रभातही आहेत.

कुणीतरी सांगेल, व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप असतोच की गूगलवर. असतो. पण २०२४ पासून अँड्रॉइडवर तोही तुमच्याच १५ जीबीत मोजला जातो, त्यात व्हिडिओ घ्यायचे की नाही हा वेगळा पर्याय असतो, आणि तो परत उघडायचा तर त्याच नंबरचं व्हॉट्सॲप लागतं. गप्पांसाठी ठीक. फोटो जपायची ती जागा नव्हे.

जागा कशी करायची? सव्वीस हजार फोटो एकेक बघत बसू नका. हा सल्ला कुणी दिला तर त्याला एक दिवस स्वतः करून बघायला सांगा. जागा खातात ते व्हिडिओ. चांगल्या फोनवर फोरके, म्हणजे खूप बारकावे टिपणारा व्हिडिओ नव्या आटोपशीर फॉरमॅटमध्येसुद्धा मिनिटाला १७० एमबीच्या आसपास घेतो. गणपतीची चार मिनिटांची एक आरती म्हणजे पावणेसातशे एमबी. तेवढ्यात साडेतीन एमबीचे जवळजवळ दोनशे फोटो मावतात. आणि दर वर्षी पाच दिवस, दोन वेळा, घरातली तीन माणसं तीच आरती काढत असतात. तेव्हा आकाराने लावून बघा. फोटोजमध्ये स्टोरेजच्या पानावर ‘लार्ज फोटोज अँड व्हिडिओज’ असं दाखवतं. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज इथे पाच एमबीहून मोठं आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं’ अशा दोन राशी वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. दुसरी रास डोळे मिटून उडवा. पहिली नीट बघून. तिच्यात सासऱ्यांचे व्हिडिओ असतील.

मेल पुन्हा सुरू व्हायला हवे असतील तर जीमेल आणि ड्राइव्हकडेही बघा. ते १५ जीबी तिघांत मिळून आहेत. जीमेल-ड्राइव्हचा ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी धरली जात नाही, हे लोक विसरतात.

इथे एक जुनी गोष्ट उपयोगी पडेल. गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा ‘हाय क्वालिटी’मध्ये कितीही फोटो फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ते बंद झालं. त्यानंतर चढवलेलं मोजलं जाऊ लागलं. पण त्या तारखेच्या आधी ‘हाय क्वालिटी’त चढवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत. म्हणजे २०१८ ची कोकण ट्रिप तुम्ही तशी चढवली असेल तर ती पुसून तुमची एक एमबीही जागा वाचणार नाही. पुसायचं तर २०२१ च्या मध्यानंतरचं. दुकानात आलेल्या एकांनी रात्रभर बसून मुलीच्या लहानपणचे नकोसे वाटलेले फोटो पुसले आणि सकाळी आकडा तिथंच. वाईट वाटलं मला.

आता मुलगा बरोबर की मिस्टर? दोघंही. घरात हे सांगायला सोपं पडेल म्हणून नाही. खरंच दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे.

मुलाचं म्हणणं: शंभर जीबी महिन्याला १३० रुपये किंवा वर्षाला १,३०० रुपयांना मिळतात, आणि ती जागा घरातल्या आणखी पाच जणांत वाटून घेता येते, एकमेकांचे फोटो एकमेकांना दिसत नाहीत. घ्या. सव्वीस हजारांची छाननी करण्यात तुमच्या जितक्या संध्याकाळी जातील त्यापेक्षा हे स्वस्त. फक्त वर चढवायला घरचं वायफाय लागेल. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर नव्वद जीबी चढवायचे तर दोन महिने जातील. वीस एमबीपीएसच्या अपलोडला हिशेबाने दहा तास लागतात, प्रत्यक्षात दोन-तीन रात्री धरा. फोन चार्जिंगला, वायफायवर, फोटोज ॲप उघडं. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला पाठीमागे चालणारी ॲप मारून टाकतात; त्या ॲपचं बॅटरीवरचं बंधन काढा, नाहीतर सकाळी बघाल तर चाळीस फोटो चढलेले.

चढवताना विचारेल: ओरिजिनल की स्टोरेज सेव्हर? सेव्हरमध्ये सोळा मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात, बाकीचेही थोडे दाबले जातात, व्हिडिओ कमी बारकाव्याच्या १०८०पी दर्जावर येतात. बघायला, पाठवायला, पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढायला भरपूर झालं. पण सेव्हरमध्ये चढवून मग ‘फ्री अप स्पेस’ दाबलंत की मूळ फाइल जगात कुठेच उरत नाही. इथे मिस्टरांची हार्ड डिस्क कामाला येते. मूळ फाइली तिच्यावर, दाबलेल्या क्लाउडवर. माझ्या घरी असंच आहे.

आणि मिस्टरांचं अर्धं कुठे चुकतं? ऑगस्ट २०१९ च्या पुरात इथे सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा नदी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर पुढचे दोन महिने माझ्या दुकानात फक्त चिखल येत होता: लॅपटॉप, डीव्हीआर, हार्ड डिस्क. एक गृहस्थ शिस्तीचे. दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच फोटो, वर्षवार फोल्डर, प्रत्येकीवर स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी. दोन्ही एकाच कपाटात, खालच्या कप्प्यात. एकीतून काहीच निघालं नाही. दुसरी मी पुण्याला पाठवली, तिथून थोडं निघालं आणि बिल मात्र नव्या लॅपटॉपएवढं. त्यांचं सगळं बरोबर होतं, कप्पा सोडून. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकांच्या तोंडी बसवलेला एक हिशेब आहे, तीन-दोन-एक: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. तुमच्यासाठी फोन, हार्ड डिस्क आणि क्लाउड, झालं की. फोनमधलं पुसल्यावर दोनच उरतात, म्हणून वर्षाकाठी एकदा दुसऱ्या स्वस्त डिस्कवर प्रत करून ती मुलाकडे पुण्याला ठेवा.

नुसत्या क्लाउडवरही विसंबू नये, त्याचं एक कारण सांगतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची बातमी आली होती. लहान मुलाच्या दुखण्याचा फोटो डॉक्टरांना दाखवायला म्हणून काढला, गूगलच्या यंत्रणेने तो आक्षेपार्ह ठरवला आणि खातंच बंद केलं. मेल, फोटो, सगळं. पोलिसांनी गुन्हा नाही असं म्हटल्यावरही खातं परत मिळालं नाही. असं क्वचितच होतं, पण झालं तर दाद मागायला समोर माणूस नसतो.

हार्ड डिस्कवर घेताना: डिस्क लॅपटॉपला जोडा, फोनही केबलने लॅपटॉपला लावा, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. कॅमेऱ्याचं सगळं ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं. व्हॉट्सॲपचं नव्या फोनमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर, अशा खोल खणात असतं. कॉपी करा, कट-पेस्ट कधीही नाही. मधेच केबल हलली तर कटमध्ये फाइल इकडचीही राहत नाही आणि तिकडचीही. एकदम सव्वीस हजार ओढू नका, लॅपटॉप गुदमरतो. दोन-तीन हजारांच्या खेपा करा. शेवटी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवा आणि कुठलेही दहा फोटो, दोन व्हिडिओ डिस्कवरून उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण करतो कोण! बाजारात पाचशे रुपयांत एक टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. लॅपटॉपला तो एक टीबी सांगतो, आत बत्तीस जीबीच असतात, आणि पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं.

गूगलवरचं सगळं एकत्र उतरवून घ्यायचं असेल तर गूगल टेकआउट आहे. झिप फाइली येतात आणि उतरवायची लिंक सात दिवसच चालते. त्यात एक खोच आहे, ती मी स्वतः खाल्ली. आईवडिलांच्या १९७४ च्या लग्नाचे फोटो स्कॅन करून मी गूगल फोटोजमध्ये हाताने तारखा बदलल्या होत्या, क्रमाने दिसावेत म्हणून. टेकआउटमधून उतरवले तर लग्न २०२० मध्ये, स्कॅन केलं त्या दिवशी! गूगल ती बदललेली तारीख फोटोच्या आत लिहीत नाही. शेजारी एक ‘जेसन’ नावाची छोटी मजकूर-फाइल देतं, तिच्यात असते. लोक त्या फाइली कचरा समजून पुसतात. पुसू नका. एक्झिफटूल नावाच्या फुकट साधनाने त्या तारखा परत फोटोत घालता येतात. मुलाला बसवा त्या कामाला. व्हॉट्सॲपच्या फोटोंचंही तेच, त्यांच्या पोटात तारीख नसतेच, तेव्हा निदान फाइलचं नाव बदलू नका.

एवढं झालं, फोटोजमध्ये ‘बॅकअप कम्प्लीट’ दिसलं, डिस्कवरची संख्या जुळली, की दाबा ते बटण. आणि हो, आधार-पॅनचे फोटो ‘लॉक्ड फोल्डर’मध्ये टाकले असतील तर त्याचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. तो नसताना फोन रिसेट केला तर ते जातात.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. सासऱ्यांचा स्वतःचा फोन कुठे आहे? तुमच्या प्रश्नात तो आलाच नाही. त्यांनीही काहीतरी काढलं असेल: शेताचे, नातवंडांचे, अंगठा मधे आलेले. दोन वर्षं न वापरलेलं खातं आतल्या सगळ्यासकट पुसायचा अधिकार गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आणलाय, आणि तुमचं एक वर्ष गेलेलं आहे. त्यांचं सिम रिचार्जविना बंद पडलं असेल तर तो नंबर पुढेमागे दुसऱ्या कुणाला मिळेल, मग त्या खात्याचा ओटीपीही त्यालाच जाईल. सिम अजून चालू असेल तर आजच रिचार्ज मारा.

फोन कपाटातून काढा. मागचं झाकण फुगलेलं, उचललेलं दिसलं तर चार्जरला लावू नका, जवळच्या दुकानात बॅटरी बदलून घ्या. नाहीतर चार्जिंगला लावा, समोर बसून. वर्षभर पडलेला फोन अर्धा तास मेल्यासारखाच असतो, मग उठतो. लॉक उघडत नसेल तर चुकीचे पॅटर्न मारत बसू नका आणि कुणी ‘रिसेट मारून देतो’ म्हणालं तर देऊ नका, त्यात सगळं जातं. नातवाला विचारा. आजोबांच्या फोनवर गेम खेळणाऱ्याला पॅटर्न ठाऊक असतो.